जुनी जीप : गिअर नुसता कडक नको, जोडीचा हवा

१९४० च्या दशकाअखेर महिंद्राने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या वाणाची पेट्रोल जीप तुमच्या गोठ्याशेजारी उभी असेल, तर तिचा ऑइल पंप जरूर तपासा. तो इंजिनाला बाहेरून बसतो अन् कॅमशाफ्टवरच्या दात्यांनी फिरतो.

दाते झिजले की मिस्त्री म्हणतो, "एकदम कडक गिअर टाकू, परत बघायला नको." इथंच गफलत होते. गिअर प्रमाणाबाहेर कडक असला, तर तो कॅमशाफ्टचेच दाते खातो. स्वस्त वस्तू टिकली, महागाची गेली!

म्हणून मूळ पार्ट नंबरचाच गिअर मागा. लेथवर करून घेणार असाल, तर जुना नमुना द्या. कडकपणा तेवढाच ठेवायला सांगा. पंपाच्या आतले रोटर मात्र जोडीनंच बदला. दांडग्या बैलाशेजारी थकलेला बैल कुणी जुंपतं का?

पंप काढण्याआधी खुणा करा. डिस्ट्रिब्युटर याच पंपाच्या खाचेत बसतो. एक दाता चुकला की टायमिंग बिघडलं. बसवताना पंपात ऑइल भरा. इंजिन सुरू होताच प्रेशरचा काटा बघा. तो चढला नाही, तर लगेच बंद करा. बेअरिंग जळायला वेळ लागत नाही.