टोपीवरची बॅटरी : रात्रीच्या पाण्याला दोन्ही हात मोकळे

बारामती : उसाला पाणी देण्याची पाळी रात्री दोन वाजता आली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो बॅटरी धरायची कोणी, हा. एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात बॅटरी असताना सरीचे तोंड फोडता येत नाही आणि बांधताही येत नाही. मग बॅटरी काखेत धरली जाते, कधी दातांत धरली जाते, नाहीतर बांधावर ठेवली जाते आणि तेथून ती हमखास पाटात पडते. बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्यावरचा उपायही साधा आहे. बॅटरी टोपीलाच बांधावी आणि दोन्ही हात फावड्याला द्यावेत. प्रश्न उरतो तो इतकाच, की ती बांधायची कशाने, कोठे, आणि डोक्यावरच्या उजेडावर किती भरवसा ठेवायचा.

(पुस्तकी मराठीत या वस्तूला विजेरी म्हणतात. कालव्याच्या पट्ट्यात मात्र विजेरी मागितली तर दुकानदारही क्षणभर थांबेल. म्हणून येथेही ती बॅटरीच, आणि तिच्या पोटात असतात ते सेल.)

रात्रीच्या या जागरणाचे एक कारण वीज आहे. कृषिपंपांना थ्री फेज वीजपुरवठा चक्राकार पद्धतीने देण्याची प्रथा भारनियमनाच्या काळात रूढ झाली. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. जेथे ही वीज पोहोचली, तेथे विहिरीवरच्या पंपाचे जागरण कमी झाले. परंतु कालव्याला सूर्यास्त नसतो. आवर्तन सुटले की चारीला पाणी अहोरात्र वाहते आणि शेजपाळीने ज्याची वेळ येईल त्याने ते उचलावयाचे असते. पाळी मध्यरात्री आली म्हणून पाणी सकाळपर्यंत थांबून राहत नाही. दारे धरणाऱ्याला रात्री शेतात जावेच लागते.

बाजारात डोक्याला बांधण्याच्या तयार बॅटऱ्या मिळतात, आणि ज्यांना त्या सोयीच्या वाटतात त्यांनी जरूर वापराव्यात. त्यांची खोड अशी, की कपाळावरचा इलॅस्टिकचा पट्टा घामाने व धुण्याने सैल पडतो, कानटोपीवरून घसरतो आणि गांधी टोपीवर तर बसतच नाही. शिवाय घरात एखादी छोटी एलईडी बॅटरी आधीच पडलेली असते. तिचेच काम भागत असेल तर आणखी खर्च कशाला, हा विचार गैर नाही.

आधी वजन पाहावे

टोपीवर काय चढवायचे, याचा निर्णय सेलवरून करावा. पूर्वी घरोघरी असणाऱ्या पितळी बॅटरीत मोठे सेल असत. असे दोन सेल आणि वर पितळेचे नळकांडे, हे ओझे टोपीने पेलण्यासारखे नाही. पेन्सिल सेल मात्र एक सुमारे २३ ग्रॅमचा, त्याहून बारीक सेल १२ ग्रॅमच्या आसपास, आणि चार्ज होणारा १८६५० आकाराचा लिथियम सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. बॅटरी सेलसह ५०-६० ग्रॅमच्या आत असेल तर टोपी तोल सांभाळते. त्याहून जड बॅटरी पुढच्या झापेला लावली, की टोपी डोळ्यांवर येते आणि दर दोन मिनिटांनी चिखलाचा हात कपाळाला लागतो.

जड बॅटरीच वापरावयाची असेल तर खाणकामगारांची पद्धत ध्यानात घ्यावी. चंद्रपूर, यवतमाळ वा नागपूरच्या कोळसा खाणींत शिरस्त्राणावर दिवा असतो; पण पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या दिव्याची जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला असे आणि तेथून वायर पाठीवरून डोक्याकडे जाई. डोक्यावर फक्त उजेड आणि वजन कमरेला, हे तत्त्व शेतातही चालते. मात्र वायरिंगची सवय असल्याखेरीज या फंदात पडू नये.

झापेवर नको, कानावर बरी

पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण बॅटरी टोपीच्या झापेवर बांधतात. दिसायला ते योग्य वाटते. पण झापेमुळेच खालचा उजेड अडतो. समोरचा ऊस लख्ख दिसतो आणि पायाखाली अंधार राहतो. झापेच्या खाली बांधली तर तोंड झापेच्या कडेबाहेर थोडे काढावे लागते, अन्यथा झापेच्या आतल्या बाजूवरून उजेड परतून डोळ्यांत येतो. त्यापेक्षा टोपीच्या बाजूला, कानाच्या वर, बॅटरी आडवी बसविणे अधिक सोयीचे. उजवा की डावा, तर ज्या कानाला मोबाइल लावण्याची सवय आहे तो कान मोकळा ठेवावा.

बांधण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. तिचे बोटभर रुंदीचे वेढे कापले, की घट्ट रबरी कड्या तयार होतात. टोपीच्या बाजूला जाड कापडाची पट्टी दोन ठिकाणी टाके घालून शिवावी, तिच्याखालून दोन कड्या ओवाव्यात आणि त्यांत बॅटरी बसवावी. कडी एकच ठेवू नये. एका कडीवर बॅटरी होकायंत्राच्या काट्यासारखी फिरते. प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रयोग एका कडीवर करून पाहिला. फावड्याच्या तिसऱ्या घावाला उजेड आकाशाकडे गेला होता.

दुसरा उपाय ठिबकचा आहे, आणि तो या भागाला शोभणारा आहे. ठिबकच्या लॅटरलचे तुकडे येथे प्रत्येक शेतात पडलेले असतात. लॅटरलचा बोटभर लांबीचा तुकडा घेऊन तो उभा चिरला, की तो चिमट्यासारखा उघडतो व मिटतो. एका बारीक सेलच्या सडपातळ बॅटरीला १६ मिलिमीटरची नळी आणि पेन्सिल सेलच्या बॅटरीला २० मिलिमीटरची नळी जवळपास ठरते. बॅटरी नेऊनच तुकडा निवडावा. असे दोन तुकडे, चिरलेली बाजू बाहेर ठेवून, टोपीच्या बाजूला एका ओळीत बसवावेत. पाठीला गरम खिळ्याने दोन भोके पाडून पोत्याच्या दोऱ्याने ते टोपीला शिवावेत. बॅटरी दाबली की आत बसते, ओढली की निघते. टोपी धुवायची झाली तरी काही सोडावे लागत नाही. आम्हाला हा प्रकार सर्वांत उजवा वाटला. (ज्यांच्या सगळ्या शेतात ठिबक आहे त्यांना रात्री सरी फोडावी लागत नाही, व्हॉल्व्ह फिरविला की भागते. म्हणजे नळीचे तुकडे ज्यांच्याकडे अधिक, त्यांना या टोपीची गरज कमी!)

शिलाईकाम येत असेल तर जुन्या जीनच्या कापडाची नळी करून ती टोपीला शिवता येते. मात्र बॅटरीच्या तोंडाकडचा भाग कापडाबाहेर ठेवावा. प्रखर एलईडीची उष्णता तेथूनच बाहेर पडते. कपड्यांचा चिमटा बॅटरीला बांधून झापेला लावण्याची युक्ती हलक्या बॅटरीपुरती आणि घराजवळच्या कामापुरती ठीक आहे. उसाचे पान लागताच तो निघतो. लोहचुंबक टोपीच्या आत ठेवून बॅटरी बाहेरून चिकटविण्याचा विचार अनेकांना सुचतो. परंतु बहुतेक लहान बॅटऱ्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि त्या चुंबकाला धरत नाहीत.

गांधी टोपीला झाप नाही, ही येथे सोयच ठरते. तिच्या बाजूच्या घडीत पेनसारखी क्लिप असलेली बॅटरी खोवता येते. वाकल्यावर ती निसटू नये म्हणून वरून मफलरचा एक वेढा घ्यावा. थंडीत तो असतोच. कानटोपीला काही शिवण्याऐवजी तिच्यावरून साधी टोपी घालणे अधिक सुटसुटीत.

बॅटरीचे तोंड किती खाली असावे, हे घरच्या अंगणातच ठरवून घ्यावे. ताठ उभे राहून समोर पाहावे. उजेडाचा मध्य चार पावलांवर पडला पाहिजे. त्यासाठी तोंड बरेच खाली झुकवावे लागते. वाकून काम करताना डोके आपोआप झुकते आणि उजेड फावड्यापाशी येतो. मागच्या कडीखाली कापडाची घडी सरकवली, की हा कोन मिळतो.

बिबट्या दिसतो, साप दिसत नाही

डोक्यावरच्या बॅटरीची एक मर्यादा आहे आणि ती जिवाशी निगडित आहे. वस्तूचा उंचसखलपणा आपल्याला कळतो तो तिच्या सावलीवरून. हातातली बॅटरी कमरेपाशी असते, उजेड जमिनीवर तिरका पडतो आणि ढेकळामागे लांब सावली पडते. उजेड डोळ्यांच्या रेषेतून गेला, की सावल्या वस्तूंच्या मागे दडतात. जमीन सपाट दिसू लागते. पाचटात वेटोळे घालून बसलेली घोणस तिच्या रंगामुळे आधीच पाचटासारखी दिसते. सावलीही नसेल तर ती ओळखणे कठीण. कानावरची बॅटरी डोळ्यांपासून थोडी बाजूला असल्याने काही अंशी बरी, इतकेच.

याउलट बिबट्याच्या बाबतीत डोक्यावरचा उजेडच उपयोगी पडतो. बिबट्या, कोल्हा, मांजर यांच्या डोळ्यांच्या आतील थर उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो. उजेड आपल्या डोळ्यांजवळून गेला तरच ती चमक आपल्याला नीट दिसते. सापाचे डोळे असे चमकत नाहीत. जुन्नर भागातील उसाप्रमाणे बारामती-इंदापूरच्या उसातही बिबट्याचा वावर आढळू लागल्यापासून हा फरक माहीत असणे आवश्यक झाले आहे. खाली बसलेला वा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो; त्यामुळे दारे धरताना अधूनमधून ताठ उभे राहून टोपीचा उजेड चारी बाजूंना फिरवावा. चमकणारे डोळे दिसले तर पळू नये. तोंड त्या दिशेलाच ठेवून, मोठ्याने आवाज करीत मागे सरावे.

म्हणून टोपीवरची बॅटरी कामासाठी आणि हातातली बॅटरी चालण्यासाठी, अशी विभागणी करावी. बांधावरून जाताना दुसरी बॅटरी गुडघ्याजवळ धरावी, काठी पुढे टेकवीत चालावे, पायांत गमबूट असावेत. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, आणि त्यांतले बहुतेक ग्रामीण भागातले होते. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरीने आवळू नये; तो अवयव न हलविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष लस असलेले रुग्णालय गाठावे. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही. एक पाळी संपून दुसरी यायची असताना बांधावर गोधडी टाकून आडवे होणाऱ्यांनी हे विसरू नये.

हात मोकळे झाले, की आणखी एक मोह होतो. पंप बंद पडला तर ओल्या हातांनी स्टार्टरची पेटी उघडून फ्यूज चाचपण्याचा. उजेड नीट पडतो म्हणून हात कोरडे होत नाहीत. हे काम सकाळी, वीज बंद करूनच करावे.

रस्त्यावर येताच टोपीवरची बॅटरी बंद करावी किंवा मागे फिरवावी. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या चालतात. आपण चालकाकडे पाहिले, की उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो.

ऊसतोड मजुरांना ही टोपी अर्धीच उपयोगी आहे. पहाटेच्या अंधारात तोडणी करताना ती चालते. परंतु मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना डोके बॅटरीसाठी मोकळे नसते. त्यांनी लॅटरलचा तोच तुकडा रुंद नाडीला शिवून गळ्यात घालावा आणि बॅटरी छातीवर, तोंड खाली करून ठेवावी. उजेड फळीवर, पावलापुढे पडतो. नाडीची गाठ मात्र ओढताच सुटणारी असावी. उसाच्या मोळीत अडकलेली नाडी गळ्याला फास बसवू शकते.

सकाळी घरी आल्यावर सेल काढून ठेवावेत. घामाने ओली टोपी सेलसह उन्हात वाळत घालू नये. साधे सेल पाझरतात आणि लिथियमच्या सेलला उष्णता मानवत नाही. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला लिथियम सेल डोक्याजवळ अजिबात वापरू नये. मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली टोपी संध्याकाळी पुन्हा घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी. खोलीतल्या विंचवालाही कापडाची घडी आवडते.