लिनक्स टाकलं आणि वायफायच गायब! असं का होतं?

२०२१ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. मामेबहिणीचा जुना लॅपटॉप विंडोजवर रडतखडत चालत होता. 'दादा, याचं काहीतरी कर ना, कॉलेजचं काम अडतंय,' ती म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, 'डेबियन लिनक्स टाकतो, बघ कसा पळतो.'

तासाभरात डेबियन ११ टाकून झालं आणि लॅपटॉप खरंच पळायला लागला. फक्त वायफायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. 'आधी स्लो होता, पण नेट तरी चालत होतं,' हे ऐकावं लागलं ते वेगळंच! खरं तर इन्स्टॉल करताना एक फर्मवेअर फाइल सापडत नसल्याची सूचना आली होती. मीच घाईत पुढे गेलो होतो.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाष्या. तो तुमच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर मात्र त्या वायफाय किंवा ग्राफिक्स चिपच्या आत चालतं. बऱ्याच वायफाय चिप्समध्ये ते कायमचं साठवलेलं नसतं. लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी ऑपरेटिंग सिस्टीमने ती फाइल चिपला द्यावी लागते. फाइल नसेल, तर चिप नुसतीच बसून राहते.

आमच्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर होता, फर्मवेअर नव्हतं.

मग डेबियनने ते आधीच का दिलं नाही?

कारण ती फाइल बंदिस्त होती. कंपनी फक्त तयार बायनरी देते, सोर्स कोड देत नाही. आत काय चाललंय ते बाहेरच्या कुणाला वाचता येत नाही. सुरक्षेची चूक सापडली, तरी दुरुस्ती कंपनीच करू शकते. मुक्त सॉफ्टवेअरचा तर नियमच असा, की कोड वाचता, बदलता आणि वाटता आला पाहिजे. म्हणून डेबियन अशा फाइल्स अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवायचं.

पण यात सामान्य माणूस अडकायचा. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं. ट्रिस्केलसारख्या सिस्टीम मात्र आजही बंदिस्त फाइल्स अजिबात घेत नाहीत. मला डेबियनचा निर्णय पटतो. ज्याचं नेटच सुरू होत नाही, तो मुक्त सॉफ्टवेअर वापरणार तरी कसा?

ग्राफिक्सची कथाही अशीच. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने वैतागून एनव्हिडियाला चक्क मधलं बोट दाखवलं होतं. २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण चिपवरचं फर्मवेअर अजून बंदच आहे.

तुमच्या फोनचा काय संबंध?

थेट संबंध आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचंच कर्नल आहे. ते खुलं आहे, पण कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे बरेच भाग चिप बनवणाऱ्या कंपनीकडून बंदिस्त येतात. कंपनीने जुन्या चिपसाठी नवे भाग देणं थांबवलं, की नवं अँड्रॉइड आणणं महाकठीण होतं. फोन ठणठणीत असतो, अपडेट मात्र बंद!

२०१५ मध्ये आलेला युरोपातला फेअरफोन २ बघा. चिप कंपनीचा पाठिंबा संपल्यावरही फेअरफोनने स्वतः खपून त्याला २०२३ पर्यंत अपडेट दिले. म्हणजे हे शक्य आहे, पण मेहनत प्रचंड.

लक्षात ठेवा

१. लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा, मगच इन्स्टॉल करा.

२. वायफाय चालत नसेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला बहुतेक वेळा वेगळं फर्मवेअर लागत नाही. मीही तसंच नेट घेतलं, डेबियनच्या 'नॉन-फ्री' विभागातून फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, रिस्टार्ट केलं आणि घरचं वायफाय दिसलं.

३. फोन घेताना रॅम आणि मेगापिक्सेलबरोबर अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारा.

बहिणीने त्याच लॅपटॉपवर पदवी पूर्ण केली. त्या दिवशी ती एक फाइल मिळाली नसती, तर चांगला चालता लॅपटॉप भंगारात गेला असता. आणि हो, इन्स्टॉल करताना येणाऱ्या सूचना मी आता नीट वाचतो!