सोनं वितळेल, पण पातं टिकलं पाहिजे!

मित्रांनो, सोनं किती तापमानाला वितळतं, ठाऊक आहे? १०६४ अंश सेल्सिअसला. आता दुसरा प्रश्न. सेसना कॅरव्हान नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान आहे. त्याचं इंजिन सुरू करताना आतल्या वायूचं तापमान जास्तीत जास्त किती चालतं? १०९० अंश! आणि तेही फक्त दोन सेकंद. त्यापुढे गेलं, तर इंजिन उघडून तपासायची वेळ येऊ शकते.

म्हणजे बघा, विमान अजून जागचं हललेलंही नाही आणि वैमानिकाची परीक्षा सुरूसुद्धा झाली!

बाहेर पंखा, आत जेट

अशा इंजिनाला टर्बोप्रॉप म्हणतात. 'टर्बो' म्हणजे टर्बाइन आणि 'प्रॉप' म्हणजे प्रोपेलर, आपला पंखा. प्रवाशांना घेऊन जाणारं पहिलं टर्बोप्रॉप विमान, व्हायकर्स व्हायकाउंट, १९५० साली लंडनहून पॅरिसला गेलं. आजही जिथे धावपट्टी आखूड आणि अंतर थोडं, तिथे टर्बोप्रॉपच लागतं. लहान शहरांच्या विमानतळांवर दोन पंख्यांचं एटीआर विमान तुम्ही कदाचित पाहिलंही असेल.

कॅरव्हानच्या इंजिनाचं नाव पीटी-६. कॅनडात बनलेलं हे इंजिन १९६० साली पहिल्यांदा चाललं. त्याची एक गंमत आहे. त्यात हवा मागच्या बाजूने शिरते, पुढे पुढे येते आणि धूर पंख्याजवळच्या नळीतून बाहेर पडतो. सगळंच उलटं!

दुसरी गंमत घरीच करून बघा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच राहू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरायला लागतील. (जाळीत बोट घालायचं नाही हं!) पीटी-६ मध्ये नेमकं हेच होतं. आधी कॉम्प्रेसर हवा दाबतो. त्या हवेत इंधन जळतं. तापलेला वायू एका टर्बाइनला फिरवतो आणि ती कॉम्प्रेसर चालवते. तोच वायू पुढच्या दुसऱ्या टर्बाइनला फिरवतो आणि ती पंखा चालवते. दोघींना जोडणारा दांडा मध्ये नाहीच! कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे ३७,५०० फेरे घेतो, पण पंखा जास्तीत जास्त १९००. वेग कमी करण्याचं हे काम मधला गिअरबॉक्स करतो.

थांब, आधी हवा!

आता तुम्ही कॅरव्हानच्या कॉकपिटमध्ये बसला आहात असं समजा. पहिलं काम काय? बॅटरी बघायची. निदान २४ व्होल्ट हवेत. का बरं? सांगतो.

इंजिनात शिरणारी सगळी हवा काही जळण्याच्या कामी येत नाही. तिचा मोठा हिस्सा ज्वाळेला थंड करून टर्बाइनच्या पात्यांना वाचवतो. बॅटरी अशक्त असेल तर स्टार्टर कॉम्प्रेसरला रेंगाळत फिरवतो, म्हणजे हवा कमी. त्यात तुम्ही नेहमीएवढं इंधन सोडलंत की तापमान भडकलंच! वैमानिक याला 'हॉट स्टार्ट' म्हणतात.

म्हणून क्रम ठरलेला आहे. स्टार्टर चालू करायचा. कॉम्प्रेसरचा वेग निदान १२ टक्क्यांवर येऊन स्थिर होईपर्यंत थांबायचं. मगच इंधनाचा लिव्हर पुढे करायचा. आता नजर फक्त तापमानाच्या काट्यावर! काटा सरसर १०९० कडे धावू लागला, तर 'बघू, थांबेल' असं म्हणायचं नाही. इंधन ताबडतोब बंद, पण स्टार्टर चालूच, म्हणजे थंड हवा आतली आग विझवेल.

जास्त तापलं तर काय होईल, पातं लगेच तुटेल? बहुतेक वेळा नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. निकेलच्या मिश्रधातूचं ते पातं प्रचंड वेगाने फिरताना बाहेरच्या बाजूला ओढलं जात असतं. अति उष्णतेत ते केसभर लांबतं आणि मग तसंच राहतं. पुन्हा तापलं की आणखी केसभर. आजची घाई काही महिन्यांनी, दुसऱ्याच वैमानिकाच्या हातात असताना भोवू शकते!

ताकद आहे म्हणून वापरायची नाही

उड्डाणातही दोन काटे वैमानिकाला सांभाळावे लागतात. एक तापमानाचा आणि दुसरा टॉर्कचा, म्हणजे पंख्याला मिळणाऱ्या पिळाच्या जोराचा. थंडीच्या पहाटे हवा दाट असते. लिव्हर पूर्ण पुढे ढकलला तर इंजिन गिअरबॉक्सला झेपणार नाही इतका जोर देईल. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी उलटं होतं. हवा विरळ आणि तापलेली, त्यामुळे पुरेसा जोर मिळण्याआधीच तापमानाची लाल रेघ येते. जी रेघ आधी येईल, तिथे हात थांबला पाहिजे.

चुकीचा लिव्हर

घाई किती महाग पडते, याची एक दुःखद हकीगत सांगायलाच हवी. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईहून एक एटीआर ७२ विमान उडालं. आत ५८ माणसं होती. उड्डाणानंतर लगेच उजव्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला धारेवर झाली, म्हणजे तो पंखा विमान ओढेनासा झाला. डावं इंजिन मात्र ठणठणीत होतं. एकट्या त्याच्यावर विमान सुखरूप उतरवता आलं असतं. पण गडबडीत वैमानिकाने डावंच बंद केलं! विमान नदीत कोसळलं आणि ४३ जण गेले.

म्हणूनच वैमानिकांना शिकवतात की लिव्हरवर हात ठेवा, कोणतं इंजिन ते मोठ्याने बोला, शेजारच्याने 'बरोबर' म्हटलं की मगच हलवा. दोन-चार सेकंद जातात खरे, पण जीव वाचतात.

उतरल्यावरही काम आहेच

विमान थांबलं की इंजिन लगेच बंद करत नाहीत. तापमान खाली येऊन निदान मिनिटभर स्थिर राहू देतात. धावून आल्यावर तुम्ही एकदम बसता का? तसंच! समुद्राजवळ उडणाऱ्या विमानांचा कॉम्प्रेसर स्वच्छ पाण्याने धुतात, कारण खारी हवा धातू खाते. शिवाय उड्डाणात वेग, टॉर्क आणि तापमान यांची नोंद ठेवतात. तेवढ्याच कामाला इंजिन दिवसेंदिवस जास्त तापू लागलं, तर मेकॅनिकला दुखणं आधीच कळतं. आजारी मुलाच्या तापाचा तक्ता आई ठेवते ना, अगदी तसा.

एखाद्या विमानतळावर उभ्या टर्बोप्रॉपचा पंखा पट्ट्याने बांधलेला दिसला, तर 'चोरीला जाईल म्हणून बांधलाय' असं समजू नका हं! दुसरी टर्बाइन मोकळी आहे, आठवतं ना? साध्या वाऱ्यानेही पंखा फिरत राहतो. इंजिन बंद असल्यामुळे तेव्हा बेअरिंगना तेल मिळत नाही, आणि ती झिजतात. कुणीतरी पायउतार झाल्यावर, घरी जायच्या आधी, आठवणीने तो पट्टा बांधलेला असतो.