कांजिण्यांतली दिवाळी

वसुबारसेच्या संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या पोटावर तीन लाल ठिपके दिसले. डास चावले असतील, असं मी मनाला सांगितलं. रात्री जेवायला बसलो तोवर मानेवर आणखी चार उठले होते आणि त्यांतल्या एकाच्या टोकाला पाण्याचा टपोरा थेंब धरला होता. कांजिण्या. खाली सोसायटीच्या आवारात त्याच दिवशी किल्ल्यासाठी लाल माती येऊन पडली होती. सहामाहीचा शेवटचा पेपर दिल्यापासून ती या मातीची वाट बघत होती.

सकाळी डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवरच फोड पाहिले. दवाखान्यात आणू नका, बाहेर तान्ही बाळं बसलेली असतात, म्हणाले. सगळेच्या सगळे फोड वाळून खपली धरेपर्यंत घरातच ठेवायचं. पाच ते सात दिवस, कधी एखाद-दोन दिवस जास्त. मी बोटांवर मोजलं. धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. अख्खी दिवाळी. ती दारामागे उभी राहून ऐकत होती. रडली नाही. ‘मग किल्ला कोण करणार?’ एवढंच तिनं विचारलं.

या प्रश्नात सगळं होतं, पण मला ते कळायला दोन दिवस लागले. आधी मी तेच केलं जे कुठलीही घाबरलेली आई करते. रंगपेट्या, कोडी, कार्टून, नवी गोष्टीची पुस्तकं, जे सुचेल ते तिच्यापुढे मांडलं. ती दहा मिनिटं खेळायची आणि बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. तिला करमणूक नको होती. सणात तिचं एक काम होतं, ते तिच्या हातून गेलं होतं.

हा आजार आला कुठून, तेही सांगते, कारण त्याचं गणित पालकांना माहीत असलेलं बरं. कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, शरीरात शिरल्यावर दहा ते एकवीस दिवस गप्प बसतो. शिवाय अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. बारा दिवसांपूर्वी कोजागरीला सगळी मुलं गच्चीवर एका चटईवर बसून मसाला दूध प्यायली होती. त्यांतल्या एकाच्या अंगावर दुसऱ्या दिवशी पुरळ उठलं. त्या रात्री तो धडधाकट होता, नाचत होता. म्हणून त्याच्या आईवर मी रागावू शकत नाही. कळायला वावच नव्हता.

रागावायचं तर स्वतःवर. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस असतात. आमचा पहिला वेळेवर झाला, दुसरा घर बदलण्याच्या गडबडीत राहिला, आणि लसीकरणाचं कार्ड खोक्यात गेलं ते गेलंच. ही लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे आठवण करून द्यायला कुणी दाराशी येत नाही. दोन डोस घेतलेल्या मुलांत संरक्षण नव्वद टक्क्यांच्या वर जातं. एका डोसानंतर कांजिण्या आल्या तर त्या बहुतेकदा सौम्य असतात, पन्नासच्या आत फोड. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर अडीचशे ते पाचशे फोड येतात. आमचे बेचाळीस होते. मोजले म्हणून सांगते.

ही लस आपल्याला मिळाली तीही एका बापाच्या काळजीतून. जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी यांच्या तीन वर्षांच्या मुलाला 1964 मध्ये कांजिण्या झाल्या आणि त्या इतक्या जोरात झाल्या की आईबापांनी पोराच्या उशाशी बसून रात्री काढल्या. पुढे दहा वर्षांनी, 1974 मध्ये, ताकाहाशींनी ही लस तयार केली. कांजिण्यांसाठी जगभर आज ज्या लसी दिल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींचा मूळ विषाणू त्यांच्याच प्रयोगशाळेतला आहे.

आमच्या घरी अडचण दुहेरी होती. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, देवी आल्यात घरात. आता कढई चढवायची नाही, फोडणीसुद्धा नको.’ आणि दिवाळी म्हणजे तर सगळं तळणच! शास्त्राच्या दृष्टीनं कांजिण्या म्हणजे देवी नव्हेत. देवीचा रोग वेगळा, भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जगातून तो गेल्याचं जाहीर झालं. पण म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पूर्वी अशा घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला की येणारा माणूस उंबऱ्यावरूनच परतायचा. पाटी, फोन, काही नसलेल्या काळात ही विलगीकरणाची खूणच होती. तोंडात फोड आलेल्या पोराला तळणाचा खाट सोसत नाही, हेही खरंच. आम्ही डहाळा लावला. कढई चढवली नाही. चकल्या-करंज्या घरगुती फराळ करणाऱ्या बाईंकडून आणल्या. एका गोष्टीत मात्र मी सासूबाईंचं ऐकलं नाही, ती म्हणजे आंघोळ. कांजिण्यांत आंघोळ घालू नये हा समज चुकीचा आहे. रोज कोमट पाण्यानं, न चोळता आंघोळ आणि टिपून कोरडं केलेलं अंग, यानं खाजही कमी होते आणि फोडांत पू होण्याची भीतीही.

सासूबाईंना स्वतःची एक भीती होती, ती त्यांनी रात्री हळूच विचारली. ‘हिच्यामुळे मला नागीण होईल का गं?’ नाही होत. नागीण उठते ती आपल्याच लहानपणच्या कांजिण्यांच्या विषाणूमुळे, जो मज्जातंतूंत वर्षानुवर्षं झोपलेला असतो. नातीकडून ती येत नाही. उलट नागिणीच्या फोडांतून, कांजिण्या न झालेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. हे कळल्यावर त्या नातीजवळ झोपायला आल्या. माझ्या मते तिच्या आनंदाला याचा जितका हातभार लागला तितका कशाचाच नाही.

वेगळं ठेवायचं म्हणून मुलाला खोलीत एकटं टाकायचं नसतं. लहान मूल आईबापांपासून तुटलं तर त्याचं काय होतं, हे जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी 1952 मध्ये एका चित्रफितीत दाखवलं होतं. लंडनच्या रुग्णालयात आठ दिवस राहिलेली दोन वर्षांची मुलगी, आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसेंदिवस साचत गेलेलं गप्पपण. त्या काळी पालकांना मोजकाच वेळ भेटू द्यायचे. ती चित्रफीत पाहून डॉक्टर, परिचारिका चिडल्या, पण ब्रिटनमधल्या प्लॅट समितीच्या 1959 च्या अहवालानं पालकांना मुलांजवळ राहू द्यावं अशी शिफारस केलीच. घरातल्या विलगीकरणालाही हेच लागू आहे. ज्या मोठ्या माणसाला कांजिण्या होऊन गेल्या आहेत, त्यानं मुलाजवळ बेधडक बसावं, कुशीत घ्यावं. जपायचं ते गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या माणसाला. घरात लस न घेतलेलं दुसरं मूल असेल तर लगेच डॉक्टरांना विचारावं, संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेली लसही उपयोगी पडते.

पहिले दोन दिवस ताप होता. तापात मुलाला हसवायचा अट्टहास करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. पडू द्यावं, कार्टून बघायचं तर बघू द्यावं, वाचून दाखवावं. मी फास्टर फेणे वाचला, दोनदा. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. 1971 पासूनचं हे मासिक, त्यातले माझ्या लहानपणचे अंक मी तिला दाखवले. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. अॅस्पिरिन कांजिण्यांत मुलांना कधीही द्यायचं नाही, त्यानं यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळायचं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि खाज सुरू झाली. खरी लढाई इथून पुढे.

त्या सकाळी मी बाल्कनीत कपडे भिजवायचा मोठा निळा टब आणून ठेवला आणि तिला म्हटलं, ‘किल्लेदार, हुकूम करा.’ फोड आलेल्या हातांना माती लागू द्यायची नव्हती, त्यामुळे चिखल मी कालवणार आणि ती पाटावर बसून सांगणार असं ठरलं. टब बघून तिनं क्षणात निर्णय दिला, जलदुर्ग. सिंधुदुर्ग. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला. मे महिन्यात आम्ही होडीनं गेलो होतो. तिला तट आठवत नव्हता, विहिरी आठवत होत्या. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ‘आई, विहिरी आधी,’ ती म्हणाली. मग पणत्या मातीत दाबून तीन विहिरी झाल्या. तट वाकडातिकडा झाला, तो तिनं तीनदा पाडायला लावला. मी निमूटपणे पाडला.

आजारी मुलाचं सगळंच दुसरे ठरवत असतात. औषध कधी, आंघोळ कधी, बाहेर जायचं नाही, खाजवायचं नाही. अशा वेळी एक मोठं माणूस तिच्या शब्दावर चिखलात हात घालून बसलं आहे, याची तिच्या चेहऱ्यावर दिसलेली ऐट मी विसरणार नाही.

खालच्या मुलांशी संबंध जोडला तो परडीनं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, सासूबाई वर्तमानपत्र आणि कोथिंबीर अजूनही दोरीला बांधलेल्या परडीतून वर घेतात. नियम एकच केला. खालून वर काहीही येईल, वरून खाली रिकामी परडी आणि आवाज. कांजिण्या हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतात. कागदावरून सहसा नाही, पण दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत ‘सहसा’वर विसंबणं मला पटेना. मग परडीतून शेवाळ आलं, चपटे दगड आले, कुंभारवाड्यातून आणलेला एक भालदार आला आणि चिठ्ठ्या आल्या. ‘आमचा बुरूज पडला. काय करू?’ ती कठड्याला धरून ओरडून सांगायची, ‘आत वीट घाला, वीट!’

सात वर्षांच्या मुलाला ‘पाच ते सात दिवस’ म्हणजे काहीच कळत नाही. दिवस डोळ्यांना दिसावे लागतात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या मागच्या बाजूवर तिच्या अंगाची आकृती काढली, बेचाळीस ठिकाणी लाल ठिपके दिले. रोज संध्याकाळी कॅलामाइन लावताना तपासणी व्हायची आणि खपली धरलेला ठिपका तपकिरी व्हायचा. आणि किल्ल्यावर अळीव पेरला. ओला केला की तो बुळबुळीत होतो, दोन-तीन दिवसांत मोड येतात, पाच-सहा दिवसांत हिरवी लव दिसते. जवळजवळ कांजिण्यांइतकाच वेळ. ‘अळीव उगवला की मी खाली’ हे तिनंच स्वतःला सांगितलं.

खाज रात्री वाढते. नखं कापलेली, सुती सैल झबलं, पंखा चालू, ओल्या गार कापडानं नुसतं दाबायचं. ओट्सची पुरचुंडी कोमट पाण्यात बुडवून ते पाणी अंगावर घातल्यानंही बरं वाटतं. पण मन दुसरीकडे लागलं की खाज खरोखर कमी जाणवते. 1948 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या पोलिओ वॉर्डात स्वतःच दाखल असलेल्या एलिनॉर ॲबट या शिक्षिकेनं शेजारच्या खाटांवरच्या मुलांसाठी एक पटाचा खेळ बनवला, रंगीत घरांचा, वाचता न येणाऱ्यालाही खेळता येणारा. पुढच्याच वर्षी तो ‘कँडीलँड’ नावानं बाजारात आला. आम्हीही पुठ्ठ्यावर पट आखला. पलंगापासून सिंधुदुर्गापर्यंत. ‘खाजवलं, तीन घरं मागे.’ ‘औषध घेतलं, चार पुढे.’ आजी सारखी खाजवण्याच्या घरात पडायची आणि नात हसून लोळायची.

संध्याकाळ मात्र अवघड जायची. खाली फुलबाज्या तडतडायच्या, धूर वर यायचा म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, आणि मग ती रडायची. मी समजूत घालत नव्हते. ‘हो गं, वाईट वाटतंच’ म्हणत शेजारी बसायचे. रडून झालं की तीच म्हणायची, चल, पणत्या लावू.

नरकचतुर्दशीला तेल-उटणं अंगाला लावायचं नव्हतं. उटणं दुधात कालवून वाटीत दिलं, तिनं ती नाकाशी धरून ठेवली. कारीट चपलेच्या टाचेखाली फोडलं. तोंडात फोड असल्यानं फराळातला फक्त रव्याचा लाडू आणि ताकभात चालत होता. बाकी सगळ्यातला तिचा वाटा मोजून तिच्या नावाच्या डब्यात भरला. रोज डबा उघडायचा, चकल्या मोजायच्या, बंद करायचा.

भाऊबीजेला मामेभाऊ आला आणि खाली अंगणातच उभा राहिला. तिनं बाल्कनीतून हवेतच निरांजन ओवाळलं. त्यानं ओवाळणी परडीत टाकली. त्या संध्याकाळी आकृतीवर चाळीस ठिपके तपकिरी होते. कानामागचे दोन अजून ओले. अळीव बोटभर नाही, पण मोड फुटून वर आला होता. ‘अळीव उगवला,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘दोन ठिपके राहिलेत.’ तिनं आरशात मान वळवून कानामागे बघायचा प्रयत्न केला, नाही दिसलं, मग आजीला बघायला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं तपकिरी पेन्सिल घेऊन शेवटचे दोन ठिपके रंगवले, डबा काखेत मारला आणि जिन्यानं खाली गेली. चकल्या मऊ पडल्या होत्या. आठ-दहा पोरांनी किल्ल्यासमोर बसून त्या संपवल्या.