फांद्यांच्या टोकांशी जोडलेले औषध

सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागाला, विशेषतः सांगोला तालुक्याला, डाळिंबाने हक्काचे पीक दिले. मात्र दाणे काढून फेकल्या जाणाऱ्या सालीतही औषधशास्त्राला मोलाचे वाटणारे एलॅजिक आम्ल मिळते. प्रयोगशाळेत त्याचे दाहशामक गुण दिसून आले असले, तरी त्याचे चपटे रेणू ताटांच्या चळतीसारखे एकमेकांवर घट्ट बसतात, त्यामुळे ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि आतड्यातून रक्तात फारच थोडे पोहोचते. अनेक गुणकारी द्रव्ये याच अडचणीपायी औषध होता होता राहतात.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे डेंड्रिमर, अर्थात झाडासारख्या फांद्या फुटलेला रेणू. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. फ्रिट्झ फोग्टले यांनी 1978 मध्ये जर्मनीत या रचनेची दिशा दाखवली आणि डोनाल्ड टोमालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अमेरिकेत 'पॅमॅम' नावाच्या डेंड्रिमरांची माहिती प्रसिद्ध केली. मध्यवर्ती गाभ्याभोवती फांद्यांची एकेक फेरी जोडली जाते, तिला 'पिढी' म्हणतात, आणि दर पिढीला टोके दुप्पट होतात: 4, 8, 16, 32 आणि चौथ्या पिढीत 64. या पिढीच्या रेणूचा व्यास सुमारे साडेचार नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

पाण्याला नकोसे औषध फांद्यांमधल्या पोकळ्यांत, डाळिंबाच्या पापुद्र्यांआड दाणे बसावेत तसे, सामावते किंवा टोकांना रासायनिक बंधाने जोडले जाते. टोके अनेक असल्यामुळे काहींवर औषध आणि काहींवर पत्ता शोधणारा रेणू बसवता येतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये पाचव्या पिढीच्या डेंड्रिमरवर मेथोट्रेक्सेट हे कर्करोगविरोधी औषध आणि फॉलिक आम्ल एकत्र जोडले. काही कर्कपेशी फॉलिक आम्ल हावरटपणे ओढून घेत असल्यामुळे उंदरांमध्ये हे औषध सुट्या मेथोट्रेक्सेटपेक्षा अधिक परिणामकारक आणि कमी विषारी ठरले.

तथापि जी टोके उपयोगी, तीच धोक्याचीही असतात. धनभारित अमिनो टोके पेशींच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फाडतात. म्हणून ती निष्प्रभ गटांनी झाकावी लागतात. ऑस्ट्रेलियातील स्टारफार्मा कंपनीने लायसिन या अमिनो आम्लापासून घडवलेल्या डेंड्रिमरच्या टोकांवर ऋणभारित गट बसवले आणि 'व्हिवाजेल' या नावाने तो योनिमार्गाच्या जिवाणुजन्य विकारावर वापरात आला. येथे डेंड्रिमर औषधाचा वाहक नसून स्वतःच औषध आहे.

सोलापूरजवळच्या केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही तेथेच आहे. फळाचा अभ्यास आणि रेणूंचा अभ्यास इतक्या जवळ असताना त्यांची सांगड घातली जाणे अगत्याचे आहे, कारण सालीतला गुण शोधून काढणे हे अर्धेच काम असून तो गुण रुग्णाच्या पेशीपर्यंत सुखरूप नेणे हे उरलेले अर्धे काम आहे.