परवलीचा शब्द न जाणणारा पहारेकरी

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीला विद्यार्थ्यांशी विज्ञानाच्या गप्पा मारायला गेलो होतो. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, आळेफाट्याचे कांद्याचे भाव कळावेत म्हणून बाबांनी मोबाइलवर एक ॲप घेतलंय. परवा ते पासवर्ड विसरले. कंपनी म्हणते, नवा तयार करा. जुनाच का सांगत नाही?"

मी म्हणालो, "कारण तो कंपनीला ठाऊकच नाही!"

वर्गात हशा पिकला. ठाऊक नाही, तर पासवर्ड बरोबर की चूक हे कंपनी ओळखते कशी?

शंका रास्त आहे. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारणाऱ्या पहारेकऱ्याला तो शब्द माहीत असावाच लागे. म्हणून पहारेकरी फितूर झाला, की गड धोक्यात येई. संगणकाचा पहारेकरी मात्र निराळा असतो. कसा, ते एका गणिताने पाहू या.

मनात एक गुपित धरा: 4827. त्याचा वर्ग 23299929. त्यातील मधले चार अंक घ्या: 2999. वहीत फक्त 2999 लिहा आणि 4827 विसरून जा. उद्या कोणी 4827 म्हणाला, तर पुन्हा तेच गणित करा. उत्तर 2999 आले, की दार उघडा. 4828 म्हणाला, तर 3095 येईल, दार बंद! पण नुसत्या 2999 वरून मूळ संख्या ठरवता येत नाही. पाट्यावर वाटलेल्या चटणीतून शेंगदाणे परत मिळत नाहीत, तसेच हे. अशा एकेरी क्रियेला 'हॅश' म्हणतात. प्रत्यक्षातील हॅश अर्थातच फार गुंतागुंतीचे असतात. पासवर्डसाठी तर मुद्दाम सावकाश चालणारे हॅश वापरतात. त्यामुळे अंदाज करत बसणाऱ्या चोराचा वेळ जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? 2009 साली 'रॉकयू' या अमेरिकन कंपनीतून सुमारे 3.2 कोटी पासवर्ड चोरीस गेले. ते जसेच्या तसे साठवलेले होते! ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबवले. म्हणून शहाणी कंपनी आपली तिजोरी कधीतरी फुटेल, असे धरूनच चालते.

आणखी एक युक्ती आहे. दोघांचा पासवर्ड एकच असला, तर हॅशही एकच येईल आणि चोराला नेहमीच्या शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवता येतील. म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डात आधी काही वेगळी, यादृच्छिक अक्षरे मिसळतात. त्यांना नाव आहे 'सॉल्ट', म्हणजे मीठ! प्रत्येकाच्या चटणीचे मीठ वेगळे.

पण हॅश म्हणजे जादू नव्हे. आपल्या गणितात 0000 ते 9999 अशा 10,000 संख्या एकेक करून पाहिल्या, तर गुपित फुटेलच. आता मोबाइल क्रमांक घ्या. तो 10 अंकी, आणि पहिला अंक 6 ते 9. म्हणजे फार तर 400 कोटी क्रमांक. चांगले ग्राफिक कार्ड सेकंदाला 100 कोटींहून अधिक साधे हॅश काढते. करा भागाकार: चार सेकंद! तेव्हा "तुमचा क्रमांक आम्ही हॅश करून ठेवतो, काळजी नको," असे कोणी म्हणाले, तर लगेच निश्चिंत होऊ नका. खरा उपाय साधा आहे: नको ती माहिती घेऊच नये. कांद्याचे भाव सांगायला नातेवाइकांच्या फोन क्रमांकांची यादी कशाला हवी?

हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी घेतली ते जाणून घेणे, ती दुरुस्त करून घेणे आणि पुसून टाकायला सांगणे, हे हक्क त्यात आहेत. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले.

तोवर एक परीक्षा तुम्हीच घेऊ शकता. 'पासवर्ड विसरलो' असे कळवल्यावर एखाद्या कंपनीने जुनाच पासवर्ड पाठवला, तर ओळखा की तिथल्या पहारेकऱ्याला तो ठाऊक आहे. मग तोच पासवर्ड तुम्ही आणखी कुठे वापरत असाल, तर तिथला आजच बदला.