वार एक की दोन?

पुण्याहून महामार्गाने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेच्या अलीकडे शिरोलीची एमआयडीसी लागते. इथल्या फाउंड्रीत कधी कधी एकाच साच्यात दोन कास्टिंग ओततात. वितळलेले लोखंड एका वाटेने येते आणि पुढे त्याला दोन फाटे फुटतात. फाट्यांचे माप चुकले, की एक कास्टिंग पूर्ण भरते आणि दुसरे अपुरे राहते. हे इथल्या कामगाराला कुणी शिकवावे लागत नाही. पण नेमका असाच प्रकार आईच्या पोटातही घडू शकतो, हे त्याच्या घरी सहसा कुणाला ठाऊक नसते.

गोष्ट आहे एकसारख्या जुळ्यांची. जगात कुठेही गेलात, तरी हजार बाळंतपणांत अशी जुळी तीन-चारच. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश जोड्यांची वार एकच असते. आपल्याकडे नाळ आणि वार या शब्दांची नेहमी सरमिसळ होते, म्हणून सांगतो : नाळ प्रत्येक बाळाची आपापली, ती जिथे रुजते, ती वार. वार सामायिक असली, की दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडल्या जातात. बहुतेक जोड्यांत ही देवघेव बरोबरीत चालते. शंभरांत दहा-पंधरा जोड्यांत मात्र तोल जातो आणि एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत राहते. डॉक्टर याला ‘ट्विन टु ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम’ म्हणतात.

देणाऱ्याची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते आणि पातळ पडदा त्याच्या अंगाला लपेटून बसतो. घेणाऱ्याचेही भले होत नाही. जादा रक्ताने त्याचे हृदय थकते आणि त्याच्या पिशवीत पाणी तुंबते. चार-आठ दिवसांत आईचे पोट भराभर वाढते, ताणते, तिला धाप लागते. घरातली मोठी माणसे समजूत घालतात, ‘जुळे आहे, पोट दिसणारच!’ दुखणे पाचव्या-सहाव्या महिन्यात जोरावले आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेक वेळा दोन्ही बाळे जातात.

दुखणे नवे नव्हे. १६१७ सालच्या एका डच चित्रात दुपट्यात गुंडाळलेली दोन बाळे आहेत, एक फिकट आणि एक लालबुंद. ती याच विकाराची असावीत, असा काही डॉक्टरांचा तर्क आहे. १९ व्या शतकात शात्झ या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने वारेतल्या या जोडण्यांचा कसून अभ्यास केला. उपाय मात्र पुढची शंभर वर्षे नव्हता. सुईने जादा पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे. १९८८ मध्ये अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून लेसरने या जोडण्याच बंद केल्या.

शिरोलीत लेसर म्हटले, की पत्रा कापणारे यंत्र आठवते. इथे तो कापत नाही, शिवण घातल्यासारखी रक्तवाहिनी मिटवतो. दुर्बीण जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. आई बहुधा जागीच असते. पोटाची तेवढीच जागा बधिर करतात. साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात हे करतात. २००४ मध्ये १४२ मातांवरची युरोपातली चाचणी प्रसिद्ध झाली. लेसर केलेल्या गटात शंभरांपैकी ७६ मातांचे निदान एक बाळ तरी जन्मानंतर अठ्ठावीस दिवस जगले. पाणी काढलेल्या गटात ५६ मातांचे. अनुभवी केंद्रांत आज निकाल याहून चांगले आहेत. तरी एखादे बाळ हातचे जाते, पाणी लवकर फुटते, बाळंतपण अपुऱ्या दिवसांत होते. हे कुटुंबाला आधी सांगायलाच हवे.

सामायिक वारेची इतर संकटेही आहेत. कधी वारेतला वाटाच असमान पडतो आणि एक बाळ खुरटते. क्वचित एका बाळाला हृदयच नसते आणि जोडीदाराचे हृदय दोघांचा भार ओढते. तिथे उष्णतेने त्या बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह थांबवतात.

यंत्र चांगले, माणसे हुशार. अडते ते आधीच्या एका प्रश्नापाशी. कोल्हापूर जिल्ह्याला सोनोग्राफीचा एक दुखरा इतिहास आहे. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८३९ होत्या. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ची नजर बसली. ‘मुलगा की मुलगी’ हा प्रश्न कायद्याने बंद आहे आणि तो बंदच राहावा. पण त्या धास्तीत दुसरा प्रश्नही कुणी विचारत नाही : वार एक की दोन? परदेशात एक मुलगा, एक मुलगी दिसली, की वारा वेगळ्या हे लगेच कळते. आपल्याकडे तो पुरावा हाताशी नसतो, म्हणून पडदाच नीट पाहावा लागतो. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात तो सर्वांत स्पष्ट दिसतो. मधला पडदा वारेला इंग्रजी ‘टी’सारखा सरळ टेकला, तर वार एक, पायाशी पाचर दिसली, तर दोन. पुढे ही खूण पुसट होत जाते.

वार एक निघाली, की सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. कंत्राटी कामगाराच्या घरी याचा अर्थ दर खेपेला एक खाडा आणि पैशांची जुळवाजुळव. ‘इतक्या सोनोग्राफ्या कशाला?’ असे शेजारपाजारही विचारतात. लेसरसाठी मुंबई, पुणे, बंगळूर किंवा चेन्नई गाठावी लागते, आणि बिघाड कळल्यावर हातात दिवस थोडे असतात. म्हणून गाडीभाड्याची आणि सोबत कोण जाणार याची बोलणी पोट वाढण्याआधीच झालेली बरी.

अहवाल इंग्रजीत असतो. त्यात ‘मोनोकोरिऑनिक’ म्हणजे वार एक, ‘डायकोरिऑनिक’ म्हणजे दोन. दोन्हींपैकी एकही शब्द नसेल, तर टेबलावरून उठण्याआधी विचारावे. आणि सून माहेरी निघाली, की हा कागद तिच्या पिशवीत वरच ठेवावा.